दोन भोकांचं नाणं

आमच्या ह्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता. शाळा सुटली की सोनाराच्या दुकानात जाऊन बसायचे आणि मुशीत जाणारा एखादा जुना शिक्का सोडवून आणायचे. घरी त्याला चिठ्ठी लावून लाकडी पेटीत ठेवायचे. तळोद्याला बदली झाल्यावर मात्र अडचण आली. इथे डोंगरातल्या बायकांच्या गळ्यात मण्यांबरोबर जुने शिक्के ओवलेले असत, आणि परक्या बाईच्या गळ्याकडे मास्तरांनी टक लावून पाहायचं कसं? म्हणून ते काम माझ्यावर आलं.

मी माणसांना बुजणारी. माहेरी रनाळ्याच्या शाळेत चार इयत्ता झाल्या, पण उत्तर येत असूनही कधी उठून सांगितलं नाही. बाजारात भाव विचारायचा तरी आधी मनात दोनदा म्हणून बघायची. ह्यांनी शिकवलं, मेणाचा गोळा तळहातात मऊ करायचा, शिक्क्यावर दाबायचा, अलगद काढायचा. ठसा घरी आला की पुरे.

मेण मी एका बाईकडून घ्यायची. ती बाजाराच्या कडेला चारोळी, डिंक आणि मेण घेऊन बसायची. तिच्या गळ्यात एक पिवळा शिक्का होता. तीन बाजार मी नुसती मेण घेऊन परत आले. चौथ्या बाजारी तीच म्हणाली, "काय देखी ऱ्हायनी व माय? खाई टाकशी का माले?"

शिक्क्याचा ठसा हवाय, असं मी कसंबसं सांगितलं. ती हसली आणि मान पुढे केली. "मन्हंच मेण मन्हाच गयाले लावी ऱ्हायनी," शेजारणीला म्हणाली. मग मला विचारलं, "हाऊ कोन शे?"

"राजा असेल कुणीतरी."

"मन्ही मायना गयात व्हता. तिना मायना बी. राजा काही बोलना नही आजलगून."

त्या दिवशी मीही हसले. पुढे दर बाजारी तिच्याजवळ थोडी बसायची. तळोद्यात माझ्याशी अशी बोलणारी दुसरी कुणी नव्हती.

पहिले दोन-तीन ठसे घरी येईतो उन्हाने पसरले; नीट आलेला ठसा पाहून हे जेवायचे थांबले. राजाचं डोकं, नाक मोठं, भोवती अक्षरांची कड, डोक्याच्या वर शेजारी शेजारी दोन भोकं. "हा रोमचा बादशहा आहे," म्हणाले. "समुद्रापलीकडून इथवर आलेला. ही बाई कुठली?"

मी सांगितलं. पाडा सांगितला, घरवाल्याचं नाव सांगितलं, तो लाकडाच्या ठेकेदाराकडे तोडीवर आहे तेही सांगितलं. ह्यांनी मला आपणहून काही विचारावं आणि मला ते ठाऊक असावं, असं फार वेळा होत नसे. मी खुशीत सांगत गेले.

ठेकेदाराचा मुलगा ह्यांच्या वर्गात होता. आठवड्याच्या आत शिक्का आमच्या घरी आला. दोन भोकांत तुटका काळा दोरा तसाच होता. मी विचारलं, त्यांनी राजीखुशीनं दिला का? हे म्हणाले, "ठेकेदारानं मागितला, त्यानं दिला. मोबदला पोचलाय." तोडीवरचा माणूस ठेकेदाराला नाही म्हणेल का, हे माझ्या मनात आलं.

ह्यांनी तो मुंबईच्या एका जाणत्या गृहस्थांना दाखवायला नेला. परत आल्यावर दोन दिवसांनी सांगितलं. तो रोमचा नव्हे. रोमचं नाणं पाहून इकडच्याच कुणा कारागिराने घडवलेली नक्कल. आत तांबं, वर सोन्याचा पातळ पत्रा. कडेची अक्षरं म्हणजे अक्षरंच नव्हेत, वाचता न येणाऱ्या हाताने ओढलेल्या रेघा. आणि भोकं मुद्दाम वर, तोंड सरळ राहावं म्हणून. तो बाजारात चालवायला केलेलाच नव्हता, गळ्यात घालायला केला होता.

ह्यांनी पेटीचं झाकण लावलं. त्यानंतर सोनाराकडे गेले नाहीत.

मी धीर करून म्हटलं, "आता तिला देऊन टाकू या."

"दे," म्हणाले. नजर वर केली नाही.

बाजाराच्या दिवशी पदराला शिक्का बांधून गेले. ती बसली होती. मला पाहताच तिने लुगड्याचा काठ गळ्यावर ओढून धरला. तिथे आता नुसते मणी होते. मी समोर बसले, गाठ सोडली, शिक्का पुढे धरला. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं, पण नुसतं "घे" म्हणाले.

तिने हात पुढे केला नाही. आधी मागे पाहिलं, मग दोन्हीकडे. हळूच म्हणाली, "ठेवी दे, माय. ठेकेदारनी देखं तं माले चोर म्हनी."

"मी सांगेन त्यांना."

"तू सांगशी?" तिने माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. मी ठेकेदाराच्या ओट्यावर उभी राहून बोलते आहे, असं डोळ्यांसमोर आणून पाहिलं. शिक्का पुन्हा पदराला बांधला.

तिने चारोळीची टोपली उचलली आणि पलीकडे मिठाच्या दुकानामागे जाऊन बसली. लोक मला वळसा घालून जात होते.

ह्यांना ठेकेदाराशी बोला म्हणून दोनदा सांगितलं. बघू म्हणाले, पुन्हा बघू म्हणाले. पावसाळ्याआधी आमची बदली झाली. सामान बांधताना शिक्क्यासकट पेटी मीच गाडीत ठेवली.