पडद्याबाहेरून सांगितलेल्या चाली

"तू बाहेरच बस. तिथं वारा चांगला आहे."

सरांच्या बायकोनं सांगितलं. मी चपला काढत होते. एक काढली होती, एक पायात होती. ती तशीच परत घातली आणि व्हरांड्यात बसले.

मी नऊ वर्षांची होते. निपाणीत सरांचं घर. सर कॉलेजात गणित शिकवायचे आणि घरी रविवारी बुद्धिबळ. नगरपालिकेच्या शाळेत एकदा स्पर्धा झाली होती, तिथं त्यांनी मला खेळताना पाहिलं होतं. त्यांची मुलगी ऋचा माझ्याच वयाची. तिला खेळायला कुणीतरी बरोबरीचं पाहिजे होतं. म्हणून मला बोलावलं.

व्हरांड्याची फरशी लाल होती. हॉलची खिडकी व्हरांड्यात उघडायची. खिडकीला गज. आत टेबल, टेबलावर पट, पटापुढं ऋचा. मी बाहेरून टाचा उंच करून बघायचे आणि चाल सांगायचे. प्यादं ई चार. घोडा एफ तीन. ऋचा माझी सोंगटी हलवायची, मग स्वतःची. त्या घरात मी कधी सोंगटीला हात लावला नाही.

सरांनी कारणही सांगितलं होतं. चांगल्या आवाजात सांगितलं होतं.

"ऋचाला खोकला आहे. तुझ्या कपड्यांना तंबाखू असते ना. म्हणून."

ते खरं होतं. आई घरी विड्या वळायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. आमच्या अंथरुणाला, भाकरीला, सगळ्याला तो वास. मी विश्वास ठेवला. पुढच्या शनिवारी फ्रॉक दोनदा साबण लावून धुतला. घरापाशी वाळत घातला तर वास लागेल म्हणून वस्तीच्या टोकाला, विहाराच्या मागं तारेवर टाकला. केस धुतले. रविवारी जाताना वाटेत चार वेळा स्वतःचा हात हुंगला. साबणाचाच वास येत होता.

"बाहेर बस," सरांची बायको म्हणाली.

बसले. काही वाटलं नाही. हे खरं सांगते. लोकांना वाटतं, असल्या वेळी पोटात आग पडते, डोळ्यांत पाणी येतं. माझं तसं काही झालं नाही. बसले आणि प्यादं ई चार म्हणाले.

त्याच वर्गाला विनू यायचा. त्याच्या वडिलांच्या तीन वखारी. त्यातल्या एकीत अण्णा पोती उचलायचे. विनू शाळा सुटली की वखारीतच खेळायचा, पोत्यांवर लोळायचा. त्याच्या अंगाला आमच्या घरापेक्षा जास्त तंबाखू असायची. तो आत बसायचा. सोफ्यावर. ऋचाच्या शेजारी.

दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांपुढं होत्या. मी त्या जोडल्या नाहीत. पटावर असं केलं असतं तर डाव गेला असता.

आम्ही बौद्ध. गावाच्या तोंडात आमचं जुनंच नाव.

मग एका रविवारी मी गेले तर खिडकीला पडदा होता. निळा, जाड. आतून सरांचा आवाज आला, "हं, चाल सांग."

मला पट दिसत नव्हता. ऋचा तिची चाल आतून बोलून सांगायची. मी गजाला धरून उभी राहिले. पडदा जरा सरकवायला बोट घातलं, तर सरांची बायको म्हणाली, "हात नको लावू गं. कालच धुतलाय."

त्या दिवशी मी बाराव्या चालीत हरले. घोडा कुठं ठेवलाय तेच विसरले. आत विनू हसला. ऋचा हसली नाही, एवढं आठवतं.

घरी गेले आणि पोत्याच्या तुकड्यावर कोळशानं चौसष्ट घरं काढली. बाभळीच्या बिया सोंगट्या. दोन महिने त्यावर बघून पाठ केलं. मग पोतं लागेना. डोळे उघडे ठेवूनच पट दिसायला लागला. लाल फरशीवर दिसायचा, समोरच्या भिंतीवर दिसायचा. पडद्यावरही दिसायचा.

तिसऱ्या महिन्यात मी ऋचाला हरवलं. "वजीर जी सात. मात," म्हणाले. आतून सोंगट्या गोळा केल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "पुन्हा मांड गं ऋचा."

मी जिंकले असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही.

असे तीन पावसाळे गेले. पावसात व्हरांड्यात तुषार यायचे, मी भिंतीला चिकटून उभी राहायचे. वर्ग संपला की अण्णा न्यायला यायचे. ते फाटकापाशी थांबायचे. फाटकाच्या आत कधी आले नाहीत. मला वाटायचं, घाई असेल.

पहिली मोठी स्पर्धा बेळगावला होती. सर आम्हा दोघींना घेऊन गेले. शाळेतल्या त्या स्पर्धेनंतर तिथं मला पहिल्यांदा खरा पट मिळाला, माझ्यासमोर, हात पोचेल एवढा जवळ. मला हात कुठं ठेवायचे कळेना. सोंगट्या एवढ्या जवळ आल्या की डोकंच चालेना. मी मान वळवून भिंतीकडं बघायला लागले. तिथं पट दिसला. मग खेळले. पंचांनी दोनदा येऊन विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "वाटतंय."

त्या स्पर्धेत मी पहिली आले. ऋचा नववी. परतताना बसमध्ये सर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारपासून ऋचानं खेळ सोडला. मग माझीही गरज उरली नाही.

पुढची सतरा वर्षं थोडक्यात सांगते, कारण ती सगळी एकसारखीच आहेत. रेल्वेचा डबा, कुठलंसं गाव, खेळायचा हॉल, पोळी-भाजी, पुन्हा डबा. महिला ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म लागतात. नॉर्म म्हणजे मोठ्या स्पर्धेत ठरावीक दर्जाच्या खेळाडूंशी खेळून गाठायचा टप्पा. माझा पहिला लवकर आला. दुसऱ्याला पाच वर्षं लागली. मधल्या काळात खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळाली. ऑफिसात पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "कोट्यातून ना?" मी म्हटलं, "होय, खेळाडूंच्या." तो म्हणाला, "तेच ते." बाकीचे हसले. मी फाईल उघडली.

मागच्या वर्षी तिसरा नॉर्म झाला. किताब मिळाला.

मुलाखती सुरू झाल्या. सगळे एकच विचारायचे. तुम्ही पटाकडं न बघता खेळता, भिंतीकडं बघता, हे कसं जमलं? मी म्हणायचे, सवय. आणि प्रत्येक अर्जात प्रशिक्षकाच्या रकान्यात मी सरांचं नाव लिहायचे. सगळ्या वर्षांत. दुसरं नावच माहीत नव्हतं.

बेळगावात सत्कार ठेवला. सर आता बेळगावातच राहतात, हिंडलग्याच्या रस्त्याला त्यांची बुद्धिबळ अकादमी व्हायची होती. ते अध्यक्ष. मला शाल घातली, फेटा बांधला. पहिल्या रांगेत ऋचा, तिच्या मांडीवर तिचं बाळ. अण्णा आणि आई मागं कुठंतरी.

सर माईकपुढं उभे राहिले.

"लोक विचारतात, ही मुलगी पटाकडं न बघता कशी खेळते. आज गुपित सांगतो. लहानपणी मी हिला पडद्याबाहेर बसवायचो. मुद्दाम. पट दिसू द्यायचो नाही. तेव्हा हिला त्रास झाला असेल. पण ती माझी पद्धत होती. याच पद्धतीनं आता आपल्या अकादमीत मुलं घडणार आहेत."

टाळ्या झाल्या. खूप झाल्या.

मीही वाजवल्या.

हे मला सांगायला सगळ्यात जड जातं. व्हरांड्याचं नाही, पडद्याचं नाही. माझे हात वर आले आणि वाजले. ते माझेच होते. मी त्यांच्याकडं बघत होते.

संयोजक कानाशी आले, "मॅडम, एरडु मातु हेळ्री," दोन शब्द बोला म्हणाले. मी उठले. "सरांमुळे मी इथं आहे," म्हणाले आणि बसले.

निपाणीला घरी आलो. आईनं फेटा काढून खुंटीला अडकवला आणि विड्यांचं सूप पुढं ओढलं. ती अजून विड्या वळते, नको म्हटलं तरी वळते. अण्णा उंबऱ्यात बसले.

मी विचारलं, "अण्णा, तुमाला म्हाईत हुतं? मला बाहेर का बसवत हुते ते?"

"व्हय."

"कवापासनं?"

"पयल्या दिवसापासनं."

"मग का पाठवलासा?"

आई कात्रीनं विडीचं पान कापत होती.

"दुसरीकडं कुठं पट न्हवता," अण्णा म्हणाले. "मलाबी त्येंनी कवा फाटकातनं आत घेतलं न्हाय. माजं म्या सोसत हुतो. तुला कळत न्हाय आसं वाटलं. तू हासत येत हुतीस."

"मी म्हणत हुते, बंद करा त्ये," आई खाली बघून म्हणाली. "ह्येंनी ऐकलं न्हाय."

"ऐकलं आसतं तर आज ही इथं आसती व्हय?"

"म्हणूनच गप बसले न्हवं मी," आई म्हणाली.

मला रडू आलं नाही. राग आला असंही म्हणता येत नाही. एवढंच झालं की विनू आणि मी, तंबाखू आणि तंबाखू, या दोन गोष्टी शेजारी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. वीस वर्षं उशिरा. आणि आता त्या हलेनात.

आठ दिवसांनी सरांचा फोन आला. अकादमीचं पुस्तक छापायचं होतं. पद्धतीबद्दल माझ्या चार ओळी आणि सही पाहिजे होती. ओळी त्यांनीच लिहून ठेवल्या होत्या. मी बेळगावला गेले.

नवं घर. सरांच्या बायकोनं दार उघडलं, "ये ये, आत ये," म्हणाली. सोफ्यावर बसवलं. चहा आला. समोर ऋचा बाळाला घेऊन बसली होती. सरांनी कागद पुढं सरकवला.

मी वाचला. मग विचारलं, "सर, विनू आत का बसायचा?"

"कोण विनू?"

"वखारवाल्यांचा. त्याच्या अंगाला तंबाखू नव्हती का?"

सर हसले. "अगं, किती जुनं काढतेस."

"जुनं तुम्ही काढलंत. माईकवरून."

सरांची बायको मध्ये बोलली, "तेव्हा सासूबाई होत्या गं घरात. त्यांचं सोवळंओवळं कडक. आमचा दोघांचा काही विरोध नव्हता."

"मग ते सांगा," मी म्हटलं. "पद्धत होती असं का सांगता?"

सरांचा चेहरा तेव्हा बदलला. मला तो चेहरा ओळखीचा वाटला, पण तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. पडद्यामागं असायचा.

"मी नसतो," सर म्हणाले, "तर आज तू निपाणीत विड्या वळत बसली असतीस."

ऋचा म्हणाली, "बाबा, पुरे." एवढंच म्हणाली. तिच्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. तीही नऊ वर्षांची होती. पण नंतर ती दहाची झाली, वीसची झाली, तीसची होत आली.

मी सरांना म्हटलं, "वळल्या असत्या. माझी आई वळते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं तुमच्या व्हरांड्यात होतं. तुम्ही मला खेळ दिला हे खरं. मला माणूस म्हणून आत घेतलं नाही हेही खरं. दोन्ही लिहीत असाल तर सही करते. एकच लिहिणार असाल तर माझं नाव कुठंही घालायचं नाही. पुस्तकात नाही, पाटीवर नाही, फोटोसुद्धा नाही."

"तुला कुणी भडकवलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी चाली जोडल्या."

कागद तसाच टेबलावर ठेवला. चहा प्यायले नाही. बाहेर आले, बस धरली, निपाणी येईपर्यंत खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर मोजत बसले. छातीत हलकं वगैरे काही झालं नाही. पुढं अकादमी उघडली. ज्यांनी माझ्या पुढच्या परदेश दौऱ्याचा खर्च करायचं कबूल केलं होतं त्यांनी फोन उचलणं बंद केलं. ते सरांचेच विद्यार्थी निघाले. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं, किताब मिळाला की गुरूला विसरतात. आमच्या वस्तीतलेही दोघंचौघं म्हणाले, झालं गेलं, कशाला वाकडं घ्यायचं.

मी घेतलं आहे.

काल नव्या स्पर्धेचा अर्ज आला. प्रशिक्षकाच्या रकान्यावर थांबले. मोकळा सोडला तर कुणीही येऊन भरेल. म्हणून लिहिलं: कोणी नाही.

आता मुलाखतीत विचारतील, भिंतीकडं बघून खेळायला कुठं शिकलात. सवय म्हणणार नाही. घर सांगेन, खिडकी सांगेन, कोण आत होतं आणि कोण बाहेर ते नावानिशी सांगेन. मराठीत सांगेन, कन्नडात सांगेन, विचारतील त्या भाषेत सांगेन. आवाज चढवणार नाही. हात जोडणार नाही. आणि ते टाळ्या वाजवू लागले तर थांबवून म्हणेन, आधी ऐकून घ्या, अजून संपलेलं नाही.