पुस्तकातला नवरा

आमच्या दयारामकाकांना बघायला माणसं यायची. वसईचा किल्ला बघून झाला की रिक्षा करून थेट आमच्या वाडीत. दादर-डोंबिवलीच्या बायका, खांद्याला झोळी लावलेले प्राध्यापक, नालासोपाऱ्यात नवा ब्लॉक घेतलेली जोडपी. कुंपणाशी घुटमळायची आणि हळूच विचारायची, "ते पुस्तकातले नवरे इथेच राहतात का?" माझं डोकं फिरायचं. "राहतात, पण आज त्यांची सुट्टी आहे," असं सांगून मी त्यांना वाटेला लावायचो.

पुस्तक म्हणजे 'उघडी पडवी', आणि ते लिहिणारी आमची मथुराकाकू. दयारामकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, ती त्यांची बायको. लग्नानंतर काही वर्षांनी ती वाडी सोडून मुंबईला निघून गेली. मग शहात्तर साली तिने कादंबरी म्हणून जे छापलं त्यात नावं तेवढी बदलली होती, बाकी सगळं आमचंच घर होतं. सासू डब्यांना कुलूप कसं लावायची, नवरा महिनोन् महिने जवळ कसा येत नव्हता, मुंबईत एका संसारी माणसावर तिचा जीव कसा जडला आणि त्याची तिला अजिबात लाज कशी वाटली नाही, सगळं होतं. गावाने बोटं मोडली. समाजाच्या सभेत ठरलं की या बाईला कुठल्या कार्याला बोलवायचं नाही. ठरवणाऱ्यांच्या घरात मात्र वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली एकेक प्रत गादीखाली होतीच. वसईच्या वाचनालयातली प्रत तर इतकी फिरली की शेवटी तिची पानं दोऱ्याने बांधून द्यायला लागले.

मीही ते चिडूनच हातात घेतलं होतं. खाली ठेववेना. शिव्या घालत घालत पुढचं पान उलटायचो. बाई लिहायचीच तशी, समोर बसून भाजी निवडत बोलल्यासारखी.

वाटलं होतं, चार वर्षांत लोक विसरतील. नव्वदनंतर उलटंच झालं. नवी आवृत्ती निघाली आणि कॉलेजातल्या, नोकरी करणाऱ्या मुली ती वाचायला लागल्या. आमच्या बँकेतली स्वप्ना मला म्हणाली, "सर, आईला जे विचारायची सोय नव्हती, ते हिने लिहून ठेवलंय." तिला मी काय सांगणार, की ते ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस माझ्या शेजारच्या घरात एकटा भात शिजवून खातो.

काकांचं काम सुकेळ्यांचं. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावरच्या चटईवर उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी परत बाहेर. पुरती सुकून मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची. यात एकच वैरी, ओल. नुसतं आभाळ भरून आलं तरी काका बसल्या जागेवरून उठायचे. सुकेळी करणारा प्रत्येक माणूस असाच असतो. जेवता जेवता त्याची एक नजर वर असते.

पुस्तक आल्यापासून ते लग्नाकार्याला जायचे बंद झाले. वाटेत कोणी भेटलं तर मान खाली. चौथी शिकलेले होते, पेपर वाचायचे, पण त्या पुस्तकाला त्यांनी कधी हात लावला नाही. लावायची गरजही गावाने ठेवली नव्हती. जो तो त्यांना ऐकवायचा, "सगळं लिहिलंय हो तिने, काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही!" हे सांगताना माणसांना केवढा आनंद व्हायचा! काका नुसती मान हलवायचे. आम्हाला वाटायचं, नवराबायकोतल्या गोष्टी चारचौघांत आल्या त्याचीच त्यांना शरम वाटते.

सत्याण्णव साली बँकेत मला फोन आला. काकू खूप आजारी होती. तिची शुश्रूषा करणारी, तिची वाचकच असलेली एक बाई बोलत होती. म्हणाली, "ताई रोज एकच विचारतात. दयारामना म्हणावं, एकदा येऊन जा." मी निरोप सांगितला. दुसऱ्या दिवशी काकांनी धुतलेला सदरा घातला, नवी सुकेळी पानात बांधून घेतली आणि निघाले. दुपारी परत आले. "गाडी चुकली," म्हणाले. मी म्हटलं, "काका, गाडी काय एकच असते?" तीन दिवसांनी काकू गेली. मला त्यांचा इतका राग आला की पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. मरणाऱ्या बाईवर कसला डूख धरायचा? असं मला वाटलं.

उन्नती आली ती त्यानंतर चारेक वर्षांनी, नोव्हेंबरात. तुळिंजला राहणारी, एम.ए. करणारी, काकूवर निबंध लिहायला निघालेली. नेहमीप्रमाणे मी तिला वाटेला लावणार होतो, पण काकाच आतून म्हणाले, "येऊ दे रे केयूर. लांबून आली पोर." म्हातारपणाने ते थोडे सैल झाले होते. मी तिथेच बसून राहिलो, उगाच काही वेडंवाकडं विचारलं तर हाकलता यावं म्हणून.

मुलगी भली होती. आधी तिने केळी पलटायला मदत केली. मग पुस्तक मांडीवर घेऊन म्हणाली, "आजोबा, मथुराबाई मला का आवडतात सांगू? एक शब्द खोटा लिहिला नाही त्यांनी. पण तुमच्यावर अन्याय झाला असं वाटतं का तुम्हाला?"

काकांची घरची बोली मी इथे सोपी करून लिहितो. ते म्हणाले, "अन्याय कसला गं बाय? लिवलंय ते खरंच हाय. पोरीचं मी केलं ते काय खोटं हाय?"

"कुठलं, आजोबा?"

"रंभीचं." ते हातातलं केळं पलटत राहिले. "तू वाचलंयस ना? वर्साची होती. ताप भरला होता. आई वज्रेश्वरीला गेलेली. मथुरा सकाळपासून पाठी लागली, हिला डाक्टरकडे न्या, हिला न्या. मी निघालो पन. पोरीला खांद्यावर घेतली, तर वरती हे काळंभोर आभाळ. मांडवावर सगळी केळी उघडी. म्हटलं, एवढी आत घेतो नि निघतो. ती ओरडत होती. मी म्हटलं, जरा थांब. सगळी घेतली. तोवर शेवटची यष्टी गेली. रातीच गेली पोर." पुढचं केळं पलटून म्हणाले, "पाऊस आलाच नाय मग."

रंभी तान्हेपणी तापाने गेली एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आणि मी पुस्तक वाचलं होतं. एकदा नाही, अनेकदा वाचलं होतं.

उन्नतीही गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं, पानं उलटली, एका पानावर थांबली. म्हणाली, "आजोबा, पुस्तकात असं नाहीये."

"काय नाय?"

"हे. मुलीचं आहे, पण असं नाहीये." आणि तिने वाचून दाखवलं:

"'त्या दिवशी हे घरी नव्हते. केळ्यांच्या गाडीबरोबर त्यांना भायखळ्याच्या बाजारात जावं लागलं होतं. घरात मी एकटी आणि ती तापाने फणफणलेली. हे असते, तर त्यांनी तिला खांद्यावर घालून धावत नेली असती.'"

काकांचा हात थांबला. मला म्हणाले, "केयूर, ही काय वाचते?"

"बरोबर वाचते, काका."

"मी घरीच होतो. तिला ठाऊक होतं मी घरीच होतो."

जिने सासूला सोडलं नाही, नवऱ्याच्या अंथरुणाला सोडलं नाही, स्वतःला तर मुळीच सोडलं नाही, त्या बाईने नेमका एक दिवस आपल्या नवऱ्याला बाजाराला पाठवून दिलं होतं. आणि तो नवरा पंचवीस वर्षं मान खाली घालून हिंडला, आपण पोरीला मारलं हे सगळ्या मुलखाने वाचलंय असं समजून. कुंपणाशी येणारा प्रत्येक माणूस त्याला त्यासाठीच बघायला येतो असं त्याला वाटत होतं. आम्ही घरातल्यांनीही कधी विचारलं नाही की काका, तुम्हाला नक्की कशाची एवढी लाज वाटते. मला त्या वेळी गावाचा, स्वतःचा, सगळ्यांचाच संताप आला.

"परत वाच," काका म्हणाले.

उन्नतीने परत वाचलं. "धावत नेली असती" इथे काकांनी डोळे मिटले.

मग ते म्हणाले, "तिचा निरोप आला तवा यष्टीत बसलो होतो मी. कंडक्टरनं घंटी मारली, तसा उतरलो. म्हटलं, तिथं तिची वाचनारी मानसं असतील. बोलतील, पोरीला मारलीन् तो हाच. आनि तिला पन तेच बोलायचं असंल मरताना." त्यांनी पुस्तकाच्या त्या पानावर बोट ठेवलं, पण डोळे भरलेले असल्याने त्यांना ते वाचता आलं नसावं. "हे मला कोनी तवा सांगितलं असतं, तर गेलो असतो गं बाय. चालत गेलो असतो मी तिच्याकडे."