सात नंबरच्या वर्गाची बेरीज

बत्तीस मिलिमीटर. मी बेरीज वरून खाली केली, मग खालून वर केली. तरीही बत्तीसच. शेवटी पट्टी घेऊन कोऱ्या कागदावर तेवढी रेघ ओढली आणि तिच्यावर माझी दोन बोटं ठेवून पाहिली. जेमतेम झाकली गेली. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी माझे धाकटे दीर नववीच्या चाळीस मुलांना घेऊन त्याच भिंतीपाशी उभे असणार होते, कारण मंगळवारचा तिसरा तास त्यांचा असे.

आधी भाऊजींबद्दल सांगायला हवं, नाहीतर ही बेरीज कसली ते कळणार नाही.

भाऊजी चौतीस वर्षं भूगोल शिकवत होते. लग्न केलं नाही. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे. माझे यजमान गेल्यावरही रोज सकाळी खाली येऊन चहा घेताना मला पेपर वाचून दाखवायचा त्यांचा नेम सुटला नाही. शाळेत त्यांना सगळे ‘भूकंप सर’ म्हणत. समोर नाही, पण त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. भूपट्टांचा धडा आला की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेत. दोन बाकं करकरत एकमेकांपासून ओढली की ती दूर जाणारी सीमा, मधल्या फटीतून खालचा शिलारस वर येतो आणि समुद्राचा नवा तळ तयार होतो. टेबलावरचं कापड दोन्ही बाजूंनी ढकललं की वळ्या पडतात, ते पर्वत. आणि तिसरी सीमा म्हणजे वीस मुलं एका रांगेत, वीस समोरच्या रांगेत, खांद्याला खांदा घासत उलट्या दिशांना सरकणार. अडकतात, अडकतात, आणि एकदम सुटतात. मग आरडाओरडा आणि शर्टाची तुटलेली बटणं.

“जमीन किती वेगाने सरकते?” ते विचारायचे.

“नखं वाढतात तेवढ्या!” सगळा वर्ग ओरडायचा.

“मग कुणाला कळत का नाही?”

“कारण आपण नखं कापतो, सर!” हे उत्तर एका वर्षी कुणीतरी वाह्यातपणे दिलं होतं. भाऊजींना ते इतकं आवडलं की पुढे दर वर्षी तेच शिकवलं.

सात नंबरच्या वर्गात, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, भिंतीला वरपासून खालपर्यंत एक बारीक तडा होता. बारा वर्षांपूर्वी भाऊजींना वाटलं, ही तर आपल्या घरची सीमा. त्यांनी तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकला, बरोबर दहा सेंटीमीटर अंतरावर. मुलांनी दर सोमवारी कॅलिपरने अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. डावीकडच्या भागाला मुलांनी नाव दिलं फळ्याचा भूपट्ट, उजवीकडच्या भागाला खिडकीचा भूपट्ट. वर्षाअखेर एक-दोन मिलिमीटर वाढ दिसली की मुलं टाळ्या वाजवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगारी यायचा, खिळे उपटायचा, लांबीचा लगदा भरून तडा बुजवायचा, त्यावर रंग फिरवायचा. माणूस सज्जन. खिळे पुडीत बांधून ठेवायचा आणि सांगायचा, “सर, तुमची हत्यारं जपून ठेवलीयत.” शाळा सुरू झाली की भाऊजी तेच दोन खिळे नव्या रंगावर पुन्हा बरोबर दहा सेंटीमीटरवर ठोकायचे. नवी मुलं, नवी वही, पहिल्या पानावर शून्य.

त्या वर्षी भाऊजी निवृत्त होणार होते. निरोपाच्या दिवशी एक प्रदर्शन मांडायचं ठरलं. बारा वह्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. “वहिनी, तुमचं अक्षर बघून लोक वाचतात तरी. माझं बघून पळतात. एक तक्ता करून द्या ना.”

मी मिशनच्या शाळेत शिकले. तिथल्या सिस्टरांनी हातावर पट्टी मारून दोन गोष्टी शिकवल्या. तारखेशिवाय काही लिहायचं नाही, आणि आकड्यांचा तक्ता असेल तर खाली ‘एकूण’ची ओळ आखायचीच. भाऊजींनी एकूण मागितलं नव्हतं. मी सवयीने आखलं. एक, एक, दोन, एक, दोन, दोन, दोन, तीन, तीन, चार, पाच, आणि या वर्षी अजून शाळा संपायची होती तरी सहा.

मी तक्त्याची गुंडाळी केली आणि निघाले. शाळा दोन गल्ल्या सोडून आहे. एरवी मला पंधरा मिनिटं लागतात. त्या दिवशी किती लागली ते मी लिहून ठेवलेलं नाही, आणि अशी चूक माझ्याकडून क्वचितच होते.

शाळेच्या पायऱ्या चढतानाच आरडाओरडा ऐकू आला. दारातून पाहिलं तर वीस आणि वीस मुलं समोरासमोर, खांद्याला खांदा. भाऊजी खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, “अडकलंय! अजून अडकलंय! आता...” आणि रांगा सुटल्या. सातआठ धटिंगण पोरं हसत हसत जाऊन धाडकन त्या कोपऱ्यावर आदळली.

“भिंतीपासून लांब व्हा!”

हा आवाज माझा होता, हे मला जरा उशिराच कळलं. मुलं वळून दाराकडे बघायला लागली. त्र्याहत्तर वर्षांत मी कुठल्याही वर्गात आवाज चढवला नव्हता.

भाऊजी खुर्चीवरून उतरले. “वहिनी? घरी काही झालं का?”

“घरी नाही. इथे.” मी तक्ता त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी वरवर पाहिलं आणि हसले. “अहो, तो तडा माझ्या ओळखीचा आहे. बारा वर्षांची दोस्ती. जुन्या इमारतीला...” त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. “हे एकूण कुणी काढलं?”

“मी.”

“का?”

“तक्त्याला एकूण लागतं, भाऊजी.”

त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ते मनातल्या मनात बेरीज करत होते. वरून खाली, मग खालून वर. पहिल्या बाकावरची एक मुलगी, जिला सगळा वर्ग ‘शंका’ म्हणायचा कारण ती हात खाली ठेवतच नसे, टाचा उंचावून तक्ता वाचत होती. तीच आधी बोलली. “सर, हे दर वर्षी वाढतंय. आणि वाढायचा वेगही वाढतोय.”

भाऊजींचा चेहरा मी चाळीस वर्षं पाहत आले आहे. भाऊ गेला तेव्हाही तो असा झाला नव्हता. जणू कुणीतरी सगळं रक्त आतल्या आत पुसून घेतलं होतं. ते अगदी हळू म्हणाले, “दप्तरं उचला. कुणी पळायचं नाही. खिडकीकडची रांग आधी.”

मुलांना सायकलींच्या शेडखाली बसवून आम्ही मुख्याध्यापिकांकडे गेलो. बाई वाईट नव्हत्या, पण परीक्षा तेरा दिवसांवर होती आणि शाळेत रिकामी खोली एकही नव्हती.

“सर, नखाएवढी चीर आहे ती. मी रोज बघते.”

“नखाएवढी नाही, बाई. आपण दर वर्षी कापतो म्हणून तेवढी दिसते.”

“म्हणजे?”

त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी तक्ता वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, “तुम्ही बारा वर्षं मोजताय. मग आजच कसं दिसलं?”

त्या टोचून बोलल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. म्हणूनच ते जास्त लागलं असावं. भाऊजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. “चूक माझी आहे. तसं लेखी देतो. निरोप समारंभ करू नका हवं तर. पण त्या खोलीत आजपासून एकही मूल बसणार नाही.”

“इंजिनिअरचं पत्र आल्याशिवाय मी खोली बंद कशी करू? वर विचारतील मला.”

“मग मी दारात बसतो,” भाऊजी म्हणाले. आणि खरोखरच बसले. बुधवार आणि गुरुवार, दोन्ही दिवस शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, सात नंबरच्या दारात आडवी खुर्ची टाकून. शिक्षकखोलीत थट्टा चालली की भूकंप सरांना निवृत्तीआधीच एक भूकंप हवाय. गणिताचे सर जाता जाता म्हणाले, “काय हो, किती रिश्टर?” भाऊजी एरवी अशा वेळी दुप्पट उत्तर द्यायचे. या वेळी त्यांनी खुर्ची आणखी दारात ओढली. मी दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, “वहिनी, हे सगळं खोटं ठरू दे. मी वेडा ठरू दे. चालेल मला.”

शुक्रवारी दहा वाजता बाईंनी बोलावलेले इंजिनिअर आले. तरुण होते, घाईत होते. आतून तडा पाहिला. बाहेरून पाहायला गेले तर त्याच जागी गच्चीवरचं पाणी उतरणारा नळ भिंतीला चिकटून खाली आला होता. त्यामुळे बाहेरची चीर आजवर कुणाला दिसली नव्हती. नळ खाली मातीत जात होता. त्यांनी सोबतच्या मजुराला तिथे खणायला सांगितलं.

कंबरेइतकं खणून झालं आणि पहार एकदम आत गेली. मजूर तोल जाऊन गुडघ्यावर पडला. इंजिनिअर स्वतः खड्ड्यात उतरले, पायाच्या दगडांखाली हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, शेवटी खांदा भिंतीला टेकला तरी हात आत जातच होता. नळ जमिनीखाली कधीचा फुटलेला होता, आणि दर पावसात पायाखालची थोडी थोडी माती घेऊन जात होता. नववीचा वर्ग कितीतरी वर्षं पोकळीवर बसत होता.

त्यांनी हात बाहेर काढला. कोपरापर्यंत ओला चिखल. घाई कुठल्या कुठे गेली होती. “पहार लावू नका आता,” ते मजुराला म्हणाले. “वर या. सावकाश.” मग आमच्याकडे वळून, “तुम्हीही मागे व्हा. त्या झाडापर्यंत.” झाडाखाली आल्यावर त्यांनी तक्ता मागून घेतला आणि वरून खाली वाचला. “ही मोजमापं कुणाची?”

“मुलांची,” भाऊजी म्हणाले. “बारा वर्षांतल्या सगळ्या मुलांची. त्यांची बरोबर आहेत.”

मुख्याध्यापिका मटकन पारावर बसल्या. त्यांचा धाकटा मुलगा दोन वर्षांपूर्वी त्याच वर्गात होता. मी त्यांना पाणी दिलं.

इमारतीची ती सगळी बाजू त्याच दुपारी रिकामी झाली. परीक्षा मांडवात झाली. भाऊजींनी लेखी कबुली दिली. बाईंनी ती ठेवून घेतली, पुढे काय केलं ते विचारायचं धाडस आम्ही दोघांनीही केलं नाही. निरोप समारंभाला ते गेले नाहीत. त्याऐवजी शेडखाली नववीचा शेवटचा तास घेतला, आणि मला तक्ता घेऊन यायला सांगितलं. फळ्यावर तो जसाच्या तसा उतरवला. खडू मोडला, दुसरा घेतला.

शंकाचा हात वर होता. “सर, आपण दर वर्षी शून्यापासून का सुरू करत होतो?”

कुणीतरी तिला गप्प करायला तिची वेणी ओढली. भाऊजी म्हणाले, “ओढू नका. बरोबर विचारतेय ती.” आणि तिच्याकडे पाहून म्हणाले, “कारण मला ते सोपं पडायचं. नवी मुलं, नवं शून्य. तुम्हाला शिकवत होतो की थोडं थोडं साचून डोंगर होतात. स्वतः मात्र दर वर्षी पुसून टाकत होतो.”

“पण सर, तुम्ही खिळे ठोकले नसते तर कुणीच मोजलं नसतं.”

ते फळ्याकडे वळले. मी त्यांचं तोंड पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही.

सुट्टीत ती बाजू पाडली. कंत्राटदाराने तड्याच्या जागचा एक तुकडा वेगळा काढून ठेवला, त्याला त्यात काहीतरी विचित्र दिसलं म्हणून. भाऊजी तो रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवला. त्याच वेळी शंका आली होती, माझ्याकडून वह्या वाचायला न्यायला. तुकडा पाहून ती जागच्या जागी थिजली.

रंगारी दर वर्षी लांबीत उरलेला रंग कालवत असे. तो कालवलेला रंग तिथे उभा होता, पट्ट्यापट्ट्यांनी. पांढरा, पिवळा, मोरपंखी, पुन्हा पांढरा, फिका गुलाबी. दर वर्षी चीर उघडली होती आणि दर वर्षी ती नव्या थराने भरली होती. समुद्राच्या तळाचं चित्र काढून भाऊजी जे चौतीस वर्षं शिकवत आले, ते त्यांच्या पाठीमागच्या भिंतीत रंगारी सावकाश तयार करत होता.

शंकाने बोट ठेवून थर मोजले. “अकरा.” मग भाऊजींचा कॅलिपर लावला. “सव्वीस मिलिमीटर.”

मी तक्ता उघडला. पहिल्या अकरा वर्षांची बेरीज सव्वीस होती.

“आणि बारावं वर्ष?” तिने विचारलं.

भाऊजींनी तुकड्याच्या कडेला अंगठा फिरवला. तिथे थर नव्हता, नुसती धुळीने माखलेली कड होती. “ते सहा मिलिमीटर उघडे होते,” ते म्हणाले. “ते भरायला रंगारी येईपर्यंत आपण बाहेर पडलो होतो.”

तो तुकडा आता शाळेत आहे. नवे सर भूपट्टांचा धडा आला की भाऊजींना बोलावतात. ते जातात, तुकडा पहिल्या बाकावर ठेवतात, मुलं तो हातोहात मागच्या बाकापर्यंत नेतात. त्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीतही त्यांनी खिळे ठोकायला लावले आहेत, चारही कोपऱ्यांत. यंदा सुट्टीत रंगारी आला तेव्हा भाऊजी आधीच जाऊन उभे होते. “खिळ्यांना हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “त्यांच्याभोवतीने रंग दे.”