चारचं रिस्टार्ट

अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात चार वाजले की सगळे आपापला कॉम्प्युटर रिस्टार्टला लावून चहाला उतरायचे. तोवर मेमरी भरून मशिनं रांगायला लागायची, म्हणून हा रिवाजच पडला होता. सिस्टिम सांभाळणारे गृहस्थ मात्र जागचे हलत नसत. दर दहा मिनिटांनी मेमरीचा आकडा वहीत उतरवत बसायचे.

"साहेब, चालो ने, चा ठंडी थई जशे," कोणीतरी गुजरातीत हाक मारायचं.

"असं बघा, रिस्टार्ट म्हणजे दुरुस्ती नव्हे," ते मान वर न करता पुटपुटायचे. डोळे कायम तांबारलेले.

तीन आठवड्यांनी त्यांना चोर सापडला. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ दर सेकंदाला नवं चित्र काढायचं आणि जुनं मेमरीतून सोडायचंच नाही. त्यांनी ते प्रत्येक मशीनवर दुरुस्त केलं, आम्हाला तसं सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी सगळी मशिनं सुरळीत चालत होती. तरी चार वाजता सगळ्यांनी रिस्टार्ट केलं, मीसुद्धा. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, वही मिटली, स्वतःचंही मशीन रिस्टार्टला लावलं आणि पहिल्यांदाच ते आमच्यामागून चहाला उतरले.