उडालेला पत्रा

वादळानंतर किनाऱ्यावरच्या आमच्या गावात सगळेच छपरासाठी पत्रे निवडत होते. दुकानात मी रंग पाहत होतो. आमच्या वाडीतल्या शालनकाकी पत्र्याची कड अंगठ्याने दाबून पाहत होत्या.

"हा उडणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"जाड आहे, काकी," दुकानदार म्हणाला. "स्क्रू जवळ जवळ मारून घ्या. घर कोरडं राहील."

"घराचं सोड रे. या वादळात माझा पत्रा उडाला नि शेजारच्या सुलूच्या खांद्यात घुसला. तिचा हात अजून वर होत नाही."

छप्पर आपल्याला झाकतं, एवढंच मी धरून चाललो होतो. सुटलं तर ते कुणाच्या अंगावर जाईल, हा विचार मला शिवलाच नव्हता. मी रंगांचा तक्ता मिटला आणि सगळ्यांत जाड पत्रा दाखवायला सांगितलं.