तीन फरशा जास्त

मी घेतलेला शेअर सकाळपासून घसरतो आहे आणि मी मोबाइलवर चार्ट बदलत बसलो आहे. पाच मिनिटांच्या चार्टवर भाव सरासरीच्या रेषेखाली गेलेला. तासाचा उघडला, तिथेही रेषेनं मान टाकलेली. आठवड्याचा उघडला तेव्हा कुठे ती वर जाताना दिसली आणि जिवाला बरं वाटलं. दिशा बघायला बसलेला माणूस हवी ती दिशा सापडेपर्यंत काळच बदलत राहतो. पण बरं वाटणं टिकत नाही. बोट पुन्हा पाच मिनिटांकडे जातंच.

समोर गॅलरीत आई वॉकर धरून चालते आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती रोज फरशा मोजते आणि जिथे दमते तिथे मला खडूनं खूण करायला लावते.

"कालच्यापेक्षा तीन फरशा जास्त झाल्या बघ," ती म्हणाली.

गेल्या वर्षी हीच बाई माझ्यापुढे टेकडी चढायची. तिथपासून रेषा ओढली तर ती कुठे उतरते, ते मला बघायचं नाही. धीर यावा म्हणून मी लांबचं बघतो आणि ती फक्त कालचं.

"तुझं काय, वर चाललंय का खाली?"

"वर," मी म्हणालो.

मग उठून कालच्या खुणेपासून फरशा मोजल्या. दोनच होत्या.

"तीन," मी म्हणालो आणि नवी खूण केली.