मामाचे सिनेमातले हात

आमच्या मामाचा चेहरा सिनेमात कधी आला नाही, हात मात्र आले.

मामा मलबार हिलला एका शेठच्या घरी खासगी स्वयंपाकी होता. तो स्वतःला शेफ म्हणवून घ्यायचा. मामी मात्र विचारलं तर ‘शेठकडे जेवण बनवतात’ एवढंच सांगायची. तिकडे ऐनवेळी पाहुणे वाढायचे, कुणाला लसूण चालायची नाही, कुणाला तूप, आणि शेठाणी सारखी दारात येऊन उभी. मीरा रोडला परत आला की मामा हे सगळं लढाईवरून आल्यासारखं सांगायचा. घरात मात्र त्याने कधी चहाही टाकला नव्हता. मामीने त्याला गॅसपाशी उभं राहिलेलं पाहिलंच नव्हतं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आमच्या बिल्डिंगमध्ये सिनेमाच्या प्रॉडक्शनमध्ये काम करणारा एक जण राहायचा. त्यांच्या नव्या सिनेमात एका श्रीमंताचा खासगी शेफ होता आणि मालकाच्या पार्टीच्या दिवशी तो ताणाने पार कोलमडतो, असा सीन होता. हीरोला सुरी धरता येत नव्हती. जवळून दाखवायला खरे हात हवे होते. त्या शेजाऱ्याने मामाला हिंदीतून गळ घातली. मामाने आढेवेढे घेतले, पण तोवर त्याचं शेठाणीकडे सुट्टीचं बोलूनही झालं होतं.

त्या आठवड्यात मामाने भाजीची पिशवीसुद्धा उचलली नाही. हातांचं शूटिंग आहे, म्हणायचा. रोज खोबरेल चोळून बसायचा आणि पेपरची पानं आम्ही उलटायची.

शूटिंग उत्तनजवळच्या एका बंगल्यात होतं. मामी आणि मीही गेलो. मुर्धा गावावरून रिक्षा जाताना मामा हात मांडीवर ठेवून नवरदेवासारखा बसला होता.

डायरेक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी समजावलं, बाहेर पाहुणे आलेत, मालक ओरडतोय, शेफचे हात थरथर कापतायत. मामाने हीरोचा पांढरा कोट चढवला आणि कांदा चिरायला घेतला. सुरी अशी चालली की बघत राहावं, पण हात काही कापेनात. बाईंनी पुन्हा सांगितलं. या वेळी मामाने ते मुद्दाम हलवले, तर थंडीतापाचा पेशंट वाटला. मग ताण कसा असतो यावर त्याने सगळ्यांना एक लांबलचक भाषण दिलं. लाइटवाले कंटाळून खाली बसले.

मामी मागे खुर्चीवर होती. नीट दिसेना म्हणून उठली, पुढे आली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. मामाच्या हातांकडे ती बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, “अहो, एवढा जाड चिरताय?”

मामाची सुरी अडखळली. कांद्याचा अर्धा भाग निसटून टेबलाखाली गेला. दुसरा उचलताना बोटं थरथरत होती. बाईंनी खुणेनेच कॅमेरा चालू ठेवायला सांगितलं आणि मामीला तिथून हलू दिलं नाही. पुढचा अख्खा कांदा मामाने तसाच थरथरत चिरला. सीन ओके झाला, टाळ्या पडल्या, आणि मामा कोट काढून सरळ रिक्षात जाऊन बसला.

परतताना रिक्षा राई गावात आली. तेव्हा मामा बाहेर बघतच म्हणाला, “शेठाणीला नाही आवडलं तर दुसरी नोकरी बघेन. तुला नाही आवडलं तर मी कुठे जाऊ?”

मामीने पदर सारखा केला. “बारीकच होता कांदा. इतकं छान चिरता हे मला माहीतच नव्हतं. तोंडातून काहीतरी निघून गेलं.”

मी रस्त्याकडे बघत बसले.

सिनेमा कुठल्याशा थिएटरांत आला आणि गेला. आम्ही तो डीव्हीडीवर पाहिला. मामीने शेजारपाजार गोळा केला होता. हीरोचा घाबरलेला चेहरा, मग थरथरणारे हात, चहाचा घोट घ्यायच्या आत संपलं. शेजारची काकू म्हणाली, हीरोने काम मस्त केलंय. मामाने मान डोलावली.

त्यानंतर रविवारचं जेवण मामा करू लागला. घरातलं एकूण एक भांडं खरकटं करायचा. मामी त्याची तक्रार सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरायची, आणि ऐकणाऱ्याला लॉटरी लागल्याची बातमी ऐकतोय असं वाटायचं.